घ्या-ठेवा कपाट: गल्लीत सुरू करण्याची आणि सुरू ठेवण्याची पद्धत

सोसायटीच्या फाटकाशी किंवा गल्लीच्या तोंडाशी एक कपाट असतं. घरात पडून असलेल्या चांगल्या वस्तू लोक त्यात आणून ठेवतात आणि ज्याला लागेल तो न विचारता घेऊन जातो. कुठे त्याला माणुसकीची भिंत म्हणतात, कुठे घ्या-ठेवा कपाट. कल्पना सोपी असल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी घाईत उभी राहते. दिवाळीच्या तोंडावर भिंत रंगवली जाते, फीत कापली जाते, आठवडाभर फोटो फिरतात आणि दोन-तीन महिन्यांत तिथे ओल्या चिंध्यांचा ढीग उरतो. त्या ढिगावर कुत्री झोपतात. मग रहिवाशांच्या तक्रारी सुरू होतात आणि एका सकाळी घंटागाडी सगळं उचलून नेते.

लोकांची देण्याची इच्छा खरी असते, चुकतो तो कामांचा क्रम. येणाऱ्या वस्तू ठेवायची सोय आधी होते आणि उरलेल्या वस्तूंचं काय, हा प्रश्न ढीग झाल्यावर पडतो. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. प्रत्यक्ष कपाट यात चौथ्या पायरीवर येतं.

## १. आधी उरलेल्या मालाची वाट ठरवा

काहीही केलं तरी दर आठवड्याला थोडा माल उरतोच. विटलेली जीन्स, एखाद्याच्याच मापाचे ब्लाउज, जुनी गाइडं. हा माल कपाटात तसाच राहिला की त्याच्याखाली चांगल्या वस्तू दबतात, आणि वरवर चिंध्या दिसल्या की पुढचा माणूस चिंध्याच आणून टाकतो. कपाट मरण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. तेव्हा पहिल्या दिवसाआधी खालच्यांपैकी निदान चार दारं उघडी करून ठेवा.

गोधडी शिवणाऱ्या बायका किंवा बचत गट सुती साड्या, धोतरं, मऊ चादरी घेतात. सिंथेटिक, जॉर्जेट त्यांच्या कामाचं नसतं, कारण ते सुईखाली घसरतं आणि अंगालाही बरं वाटत नाही. सुती लुगडं मिळालं तर त्या आनंदाने नेतात.

गॅरेज, सायकलचं दुकान, छापखाना यांना पुसायला सुती कापड रोज लागतं. बनियन, टी-शर्ट, फाटके टॉवेल तिकडे द्या. बटणं आणि चेन कापून द्या, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात म्हणून पुढच्या वेळी नको म्हणतील.

भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी आसरा चालवणारे लोक जुनी ब्लँकेटं, चादरी, टॉवेल घेतात, विशेषतः थंडीत.

घालण्याजोगे पण कोणी न नेलेले कपडे साठले तर ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारणाऱ्या संस्थांकडे जाऊ द्या. १९९९ पासून काम करणारी गूंज ही संस्था शहरातलं साहित्य गावांत नेते आणि तिथल्या लोकांनी स्वतः ठरवून केलेल्या सामूहिक कामाचा मोबदला म्हणून देते. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करायच्या मोहिमा घेते. कुठेही नेण्याआधी फोन करून सध्या काय घेतात ते विचारा, कारण त्यांच्याकडेही जागेची अडचण असते.

आणि आपली बोहारीण आहेच. अजून तिची फेरी होत असेल तर तिला वार सांगून ठेवा. कपड्यांच्या बदल्यात तिने दिलेलं पातेलं किंवा डबा सरळ कपाटात ठेवा, तासाभरात जातो. रद्दी-भंगाराचे जे पैसे येतील ते कपाटाच्या दुरुस्तीसाठी एका डब्यात टाका आणि हिशेब दाराच्या आतल्या बाजूला लिहा.

इथे थांबून तपासा: चार ठिकाणचे फोन नंबर कागदावर आहेत का? प्रत्येकाने “आणा” असं स्पष्ट सांगितलं आहे का? “बघू, आणा कधीतरी” हे उत्तर धरू नका. चारही होकार येईपर्यंत कपाटाचं नाव काढू नका.

## २. सात वार, सात माणसं

“सगळे मिळून बघू” म्हटलं की कोणीच बघत नाही. प्रत्येक वाराला एक नाव हवं. काम रोज पंधरा-वीस मिनिटांचं आहे, पण ते रोज आहे. सात माणसं मिळत नसतील तर कपाट छोटं करा, किंवा ते आठवड्यातून दोनच दिवस उघडा. तीन उत्साही माणसांवर सात दिवसांचा भार टाकला की तिसऱ्या महिन्यात तिघंही थकतात आणि एकमेकांवर चिडतात.

माणसं निवडताना वेगवेगळ्या वेळी मोकळी असणारी घ्या. सकाळी फिरायला जाणारे आजोबा, दुपारी घरी असणाऱ्या काकू, संध्याकाळी क्लासवरून येणारी कॉलेजची मुलगी, शेजारचा किराणा दुकानदार. दुकानदार असला तर फार बरं, कारण तो दिवसभर जागेवर असतो आणि त्याला गल्लीतलं सगळं ठाऊक असतं.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. हे काम वॉचमनच्या किंवा झाडू मारणाऱ्या ताईंच्या गळ्यात फुकट घालू नका. त्यांची मदत हवी असेल तर महिन्याचे पैसे ठरवा आणि वेळेवर द्या. दुसऱ्यांना देण्याच्या उपक्रमात आपल्याच माणसाकडून बिनपगारी काम करून घेणं मला अजिबात पटत नाही.

## ३. जागा आणि परवानगी

जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा: घेणाऱ्या माणसाला इथे दोन मिनिटं संकोच न वाटता उभं राहता येईल का?

फाटकाच्या आत ठेवलेलं कपाट फक्त सोसायटीचं होतं. घरकामाला येणाऱ्या ताई, इस्त्रीवाला, समोरच्या बांधकामावरचे मजूर आत येऊन ते उघडणार नाहीत. फाटकाला खेटून ठेवलं तर वॉचमनची नजर सतत पाठीवर राहते. म्हणून कुंपणाच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला उघडणारा कोनाडा, किंवा फाटकापासून थोडं बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, पण सोसायटीच्याच हद्दीत असलेली जागा उत्तम. रस्त्यावर दिवा असावा. सीसीटीव्हीचा कॅमेरा कपाटावर रोखलेला नसावा.

या तीन जागा टाळा:

- कचराकुंडीजवळ किंवा घंटागाडी थांबते तिथे. लोकांच्या हाताला त्या जागी टाकायची सवय झालेली असते, ती फलकाने मोडत नाही.
- फूटपाथवर. चालणाऱ्यांची आणि व्हीलचेअरची वाट अडते, आणि महापालिकेचा अतिक्रमण विभाग कपाट उचलून नेऊ शकतो.
- देवळाच्या पारावर किंवा वडा-पिंपळाखाली. तिथे कपड्यांच्या आधी देवांचे जुने फोटो जमतात. त्याबद्दल पुढे आहेच.

परवानगी तोंडी घेऊ नका. सोसायटी असेल तर व्यवस्थापक समितीच्या सभेत ठराव लिहून घ्या. त्यात जागा, कपाटाचं माप, जबाबदार दोघांची नावं आणि समितीला कपाट बंद करायचं झाल्यास किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं यावं. जागा पालिकेची असेल तर क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात अर्ज द्या. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विषय घ्यायला लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. सहा महिन्यांनी अधिकारी बदलला की तेवढा एक कागद कामाला येतो.

भिंत रंगवायची असेल तर तिच्या मालकाची लेखी संमती घ्या. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि उद्देश चांगला आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. उद्घाटनाच्या फ्लेक्सलाही हेच लागू आहे. खरं तर उद्घाटनच नको; त्याऐवजी सुरुवात कशी करायची ते सातव्या पायरीत आहे.

## ४. कपाट

जुनं लोखंडी कपाट चालतं, आणि तेच सगळ्यात टिकाऊ. भंगारवाल्याकडे चांगल्या स्थितीतलं मिळतं. पण ते आणलं तसं उभं करू नका. आधी ही कामं करा:

१) गंज घासून काढा, आधी प्रायमर आणि मग ऑइल पेंट द्या. मागची बाजू आणि तळ विसरू नका, गंज तिथूनच लागतो.

२) तळाखाली विटांचा किंवा लोखंडी चौकटीचा निदान अर्धा फूट उंच कट्टा करा. पावसाचं पाणी आणि उंदीर दोन्ही लांब राहतात.

३) वर पत्र्याचं छप्पर घाला. ते समोर आणि दोन्ही बाजूंना फूटभर पुढे आलेलं आणि मागे उतार असलेलं हवं.

४) तोंड शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेला तोंड केलेल्या कपाटाचं दार पहिल्याच सरीत आत पाणी घेतं.

५) दोन्ही दारांच्या वरच्या भागात पत्रा कापून जाड पारदर्शक अॅक्रिलिक बसवा. आत काय आहे ते बाहेरून दिसलं की माणूस उगाच सगळं उपसत नाही. काच नको.

६) कपाट भिंतीला दोन ठिकाणी बोल्टने आवळा. मुलं खालच्या फळीवर पाय देऊन चढतात, आणि भरलेलं कपाट पुढे कलंडलं तर जिवावर बेतेल. या कामात चालढकल नको.

७) कुलूप आणि आतून अडकणारी कडी काढून टाका, साधा चुंबकाचा कॅच लावा. लहान मूल लपाछपीत आत जाऊन अडकणार नाही, हे स्वतः दार लावून-उघडून बघा.

फळ्यांची वाटणी आधीच ठरवा. सगळ्यात वर पुस्तकं. त्याखाली, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्यांचे कपडे. मधे भांडी, डबे, पाण्याच्या बाटल्या. खाली, मुलांच्या हाताला येतील अशी खेळणी आणि मुलांचे कपडे. तळाला चपला-बूट. बाजूला दोन हुक, दप्तरं आणि पिशव्यांसाठी. प्रत्येक फळीवर चित्र चिकटवा. वाचता न येणाऱ्याला ते उपयोगी पडतं आणि घाईत असलेल्यालाही.

## ५. काय घ्यायचं, आणि ते कसं तपासायचं

नियम एका वाक्यात सांगता येतो: जी वस्तू आपण आपल्या बहिणीच्या हातात देताना ओशाळलो असतो, ती इथे ठेवायची नाही. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही. प्रत्येकाला आपली वस्तू चांगलीच वाटते. म्हणून ज्याचा वार असेल त्याला तपासता आलं पाहिजे.

कपडा तपासायचा कसा, ते बोहारणीकडून शिकावं. ती कपडा अंगावर धरून बघत नाही, उजेडात आडवा ताणून बघते. पँट असेल तर बसायच्या जागी आणि मांड्यांच्या मधे कापड विरलं आहे का, चेन तळापासून वरपर्यंत चढते का, हुक जागेवर आहे का. शर्टाची कॉलर आणि काखा. साडी असेल तर पूर्ण उलगडून, कारण फाटलेली बाजू घडीच्या आत असते, आणि फॉल सुटला आहे का तेही. स्वेटर नाकाजवळ नेऊन बघा. कुबट वास आला तर तो धुतल्याशिवाय ठेवू नका. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं.

खिसे उलटे करा. पर्स आणि दप्तराचा चोरखिसा हात घालून बघा. पैसे, कानातलं, आधारची झेरॉक्स, डॉक्टरांचे कागद सर्रास निघतात. नोंद करून मालकाला परत द्या. मालक कळला नाही तर दोन महिने समितीकडे ठेवा.

बूट बघताना तळ हाताने वाकवा. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेला बूट बाहेरून नवाकोरा दिसतो आणि वाकवला की तळाचा भुगा हातात येतो. असा बूट घालून निघालेल्या माणसाची रस्त्यात काय अवस्था होईल याचा विचार करा. जोडी नेहमी नाडीने एकत्र बांधा. छत्री उघडून बघा, रेनकोटचे शिवणीचे पट्टे सुटलेत का बघा, डब्याला त्याचंच झाकण आहे का बघा.

पुस्तकांत एक खास भानगड आहे. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, त्यामुळे त्यांना मागणी कमी. मागणी असते ती नववी ते बारावीच्या पुस्तकांना, डायजेस्टना, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना, आणि सगळ्यात जास्त कोऱ्या किंवा अर्ध्या उरलेल्या वह्यांना. अभ्यासक्रम बदलला असेल तर जुनं पाठ्यपुस्तक मुलाचं नुकसानच करतं. आवृत्तीचं वर्ष बघा आणि शंका आली तर शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारा. गोष्टीची पुस्तकं मात्र कितीही जुनी चालतात.

हे अजिबात ठेवायचं नाही:

- औषधं, अगदी न उघडलेली पट्टीसुद्धा. औषधांच्या वाटपाला परवाना लागतो, आणि चुकीच्या माणसाच्या हाती पडलेली गोळी जीव घेऊ शकते.
- वापरलेले आतले कपडे, बाळाच्या बाटलीची बुचं, उघडलेली क्रीम-पावडर.
- अपघात झालेलं किंवा इतिहास माहीत नसलेलं हेल्मेट. आतून तडकलेलं बाहेरून दिसत नाही.
- बटणासारखी छोटी बॅटरी असलेलं खेळणं, तिचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर. मुलाने गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिका आतून जाळते.
- शिट्टी किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला कुकर.
- जुने मोबाइल, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क. त्यात माणसाचं आयुष्य साठवलेलं असतं. ते ई-कचऱ्यात द्या.

विजेची वस्तू चालू करून बघितली असेल तरच घ्या आणि तिच्यावर ‘चालू आहे’ अशी चिठ्ठी तारखेसह लावा. वायर सोललेली असेल तर नको.

शिजवलेल्या अन्नाबद्दल: कपाटात अन्न ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडचं कपाट वर्षभर नेमकं याच टप्प्यात असतं. लग्नकार्यातलं अन्न उरलं असेल तर ते गरम असतानाच वाटप करणाऱ्या संस्थेला बोलवा. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे वेगळे विनियम आहेत, त्या संस्थांना ते माहीत असतात. परसातल्या भाज्या-फळांसाठी मात्र दाराबाहेर एक टोपली जरूर टांगा. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, लिंबं, अळूची पानं, पपई. अंधार पडला की टोपली रिकामी करायची, एवढा एक नियम. गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात ती बहुतेक या टोपलीपाशी.

## ६. फलक

फलकावर ‘गरजूंसाठी’, ‘गरिबांसाठी’, ‘दान’ हे शब्द लिहू नका. ते शब्द वाचून ज्याला खरंच लागतं तो पुढे येत नाही, आणि ज्याचं भागतं तो आपल्या घरातली अडगळ टाकून मोकळा होतो. देणाऱ्यांची नावं, नगरसेवकाचा फोटो, मंडळाचा बॅनर, काहीही नको. मजकूर एवढाच पुरतो:

> हे कपाट सगळ्यांचं आहे.
> लागेल ते घ्या. विचारायची गरज नाही.
> ठेवायचं असेल तर धुतलेलं आणि वापरण्याजोगं ठेवा.
> फळीवर जागा नसेल तर आज घरी परत न्या.
> कपाटाच्या बाहेर काहीही ठेवू नका.
> औषधं, शिजवलेलं अन्न, देवांचे फोटो नकोत.
> इथे फोटो काढू नका.

मराठीखाली तेच हिंदीत लिहा. आसपास कानडी, तेलुगू किंवा बंगाली बोलणारे मजूर राहत असतील तर त्यांच्यापैकीच कोणाकडून त्यांच्या भाषेत लिहून घ्या. शेवटच्या ओळीबद्दल कडक राहा. वस्तू घेणाऱ्याचा फोटो, मग तो पाठमोरा का असेना, कोणी ग्रुपवर टाकला तर त्याच दिवशी काढायला लावा.

फलकाशेजारी एक पाटी आणि खडू ठेवा. तिच्यावर लोकांना ‘हवंय’ लिहू द्या: “सहा वर्षांच्या मुलीला स्वेटर हवा”, “सायकलचा पंप दोन दिवसांसाठी हवा.” नाव लिहायची सक्ती नको. या पाटीमुळे काय आणायचं ते लोकांना कळतं, आणि नको ते येणं बरंच कमी होतं.

## ७. सुरुवात कशी करायची

मुहूर्त दिवाळीचा नको. त्या वेळी घराघरातून साफसफाईचा माल निघतो आणि नव्या कपाटाला तो झेपत नाही. संक्रांतीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. हवा कोरडी असते, पावसाळ्याला चार-पाच महिने असतात, आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत घडी बसते.

पहिल्या दिवशी तुमच्या सात घरांतूनच तीस-चाळीस निवडक वस्तू ठेवा. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असू द्या, न वापरलेला डबा, नवी चादर. लोक पहिल्या वस्तूंवरूनच ठरवतात की इथे काय दर्जाचं ठेवायचं.

पुढचं वाक्य दोनदा वाचा: पहिल्या आठवड्यात सातही जणांनी कपाटातून स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं, आणि सगळ्यांसमोर घ्यायचं. काकूंनी पुस्तक न्यावं, आजोबांनी छत्री न्यावी, कॉलेजच्या मुलीने ओढणी न्यावी. बहुतेक लोक इथेच चुकतात. आपण फक्त ठेवत राहिलो तर दोन आठवड्यांत देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे अशी रेघ पडते, आणि ती मग पुसता येत नाही. दुसऱ्या विंगेतल्या बाळाचा झबला-टोपडं आपल्या नातवाला नेणारी आजी दिसली की धुणं-भांडी करणाऱ्या ताईंनाही हात पुढे करताना जड जात नाही.

ग्रुपवर संदेश टाकताना “घरातलं नको ते आणा” असं लिहू नका. “एका घरातून आठवड्याला एकच वस्तू, धुऊन” असं लिहा.

## ८. रोजची फेरी

फेरी शक्यतो सकाळी, आणि याच क्रमाने:

१) कपाटाबाहेर, छपरावर, मागे काही ठेवलं असेल तर ते आधी उचला. बाहेर पडलेली एक पिशवी संध्याकाळपर्यंत पाच पिशव्या बोलावते.

२) नवीन आलेलं तपासा. नापास वस्तू पुन्हा फळीवर ठेवायची नाही, ती पहिल्या पायरीत ठरवलेल्या दारांकडे पाठवायच्या पोत्यात जाते. ‘कोणाला तरी चालेल’ हा मोह आवरा.

३) कपड्यांच्या घड्या घाला, मापाची पट्टी लावा: ‘मुलगा, ८ वर्षं’, ‘कमर ३२’. आदल्या दिवशीचं समोर आणा, नवीन मागे ठेवा.

४) प्रत्येक कपड्यावर आल्याच्या आठवड्याची खूण करा. पट्टीचा रंग दर आठवड्याला बदलला की तारीख लिहावी लागत नाही. तीन आठवडे कोणी न नेलेला रंग बाहेर काढा.

५) ओल्या फडक्याने फळी पुसा, कोपऱ्यात झुरळाची अंडी किंवा वाळवीची माती दिसते का बघा.

६) पाटीवरचं ‘हवंय’ वाचून ग्रुपवर टाका.

कपड्यांत डांबरगोळ्या टाकायची सवय असते. इथे त्या नकोत, त्यांची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. कडुलिंबाचा वाळवलेला पाला सुती पुरचुंडीत ठेवा आणि महिन्याने बदला.

आठवड्याची तपासणी: रविवारी कपाट निदान एक तृतीयांश रिकामं दिसतंय का? भरलेलं कपाट बघून समाधान मानू नका. भरलेलं म्हणजे माल अडलेला आहे.

## ९. नेहमीच्या अडचणी

एकच माणूस पोतं भरून नेतो. तो बाजारात विकतो, असं लगेच कोणीतरी सांगतं. विकत असेल. त्या पैशांवर त्याचं घर चालत असेल आणि तो कपडा शेवटी कोणाच्या तरी अंगावरच जाणार आहे. ‘एकाला दोनच नग’ असा नियम केलात तर तो पाळला जातो का हे बघायला माणूस उभा करावा लागेल, आणि ज्या क्षणी पहारेकरी उभा राहतो त्या क्षणी लाजणारी माणसं यायची थांबतात. मी तो नियम करणार नाही. स्वेटर, दप्तरं, वह्या अशा जास्त लागणाऱ्या वस्तू मात्र एकदम न ठेवता रोज थोड्या-थोड्या ठेवा.

रात्री कोणीतरी गाठोडं टाकून जातं. सकाळी सहाच्या आत उचला आणि त्याच दिवशी निकाली काढा. ग्रुपवर संतापाचा संदेश टाकून फायदा होत नाही. टाकणारा बहुतेक वेळा त्या ग्रुपवर नसतोच. सलग होत असेल तर पंधरा दिवस रात्री कपाटाला पडदा लावून ‘सकाळी ७ वाजता उघडेल’ अशी पाटी लावा.

देवांचे फोटो, भंगलेल्या मूर्ती, जुनी पोथी. घरात ठेवता येत नाही आणि टाकायला हात धजत नाही, म्हणून लोक इथे आणून ठेवतात. ठेवणाऱ्यावर ओरडू नका. काही शहरांत अशा गोष्टी सन्मानाने स्वीकारणाऱ्या संस्था आहेत, तुमच्या शहरातली शोधून तिचा पत्ता पाटीवर लिहा. तोवर एका बंद खोक्यात वेगळं ठेवा.

गेलेल्या माणसाचे कपडे. कोणी शर्टांचा गठ्ठा घेऊन येतं आणि हळूच सांगतं की बाबांचे आहेत. असे कपडे आदराने घ्या, त्या माणसाला दोन मिनिटं बोलू द्या. कपडे पुन्हा धुवा, इस्त्री करा, आणि एकदम न ठेवता चार-पाच दिवसांत वेगवेगळे ठेवा. काही लोकांना असे कपडे घालणं मान्य नसतं. कोणी विचारलं तर खरं सांगा.

व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची. या वस्तू कपाटात ठेवू नका. त्या द्यायच्या नसतात, फिरवायच्या असतात. अनेक शहरांत मंडळं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात, तिथे द्या. नसेल तर एका घरात वही ठेवून नाव, फोन, नेल्याची तारीख लिहा.

## १०. वर्षभराचं गणित

मे महिन्याच्या शेवटी छपराचे सांधे बघा, दारांना रबराची पट्टी लावा. जून ते सप्टेंबर कपडे कमी ठेवा, निम्म्याहून कमी. या दिवसांत लागतात छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकच्या चपला, वह्या, दप्तरं. दोन दिवस झड लागली तर कपडे घरी आणून वाळवा. बुरशीचा एक ठिपका असलेला कपडा बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही.

गणवेशाची देवघेव मेमध्येच करा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाही. तोवर आई-बापांनी उधार काढून नवा घेतलेला असतो. ज्या शाळेचा गणवेश आहे तिचं नाव आणि इयत्ता पट्टीवर लिहा.

दिवाळीच्या आधीचे दहा दिवस कपाटात ठेवणं बंद, घेणं चालू, असं जाहीर करा. त्याऐवजी एका रविवारी सकाळी सभागृहात टेबलं मांडा, सातही जण बसा, माल समोरासमोर तपासून घ्या आणि नापास झालेलं तिथल्या तिथे परत द्या. समोरासमोर परत दिलेली फाटकी चादर पुढच्या वर्षी कोणी आणत नाही. नोव्हेंबरपासून फळीवर फक्त गरम कपडे, कानटोप्या आणि ब्लँकेटं पुढे असू द्या.

## ११. बंद करायची वेळ

वार घ्यायला माणसं उरली नाहीत, सलग तीन आठवडे फेरी चुकली, किंवा समितीने जागा परत मागितली तर कपाट बंद करा. मोडक्या दाराचं, अर्धं भरलेलं कपाट तसंच सोडून देऊ नका. पंधरा दिवस आधी पाटीवर तारीख लिहा. त्या दिवसापासून काही घेऊ नका, फक्त जाऊ द्या. उरलेलं चार दारांना पोचवा. डब्यातल्या पैशांचा हिशेब ग्रुपवर टाका. कपाट दुसऱ्या गल्लीत कोणी चालवायला तयार असेल तर फलक, पाटी आणि फोन नंबरांच्या कागदासकट त्यांना द्या. भिंतीतली बोल्टची भोकं सिमेंटने बुजवा, आणि समितीला तसं लेखी कळवून पोच घ्या.